कोकणात गाडीचं 'ऑटो स्टॉप-स्टार्ट' चालू ठेवायचं की बंद?

किनारपट्टी :
चार वर्षांची पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल. चालू केली की माझं पहिलं काम स्टॉप-स्टार्ट बंद करायला ते गोल बाणाचं बटण दाबणं. उभ्या गाडीत न्यूट्रल टाकून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की पुन्हा चालू, अशी ही सिस्टीम. गंमत म्हणजे बटण एकदा दाबून भागत नाही, दर वेळी गाडी चालू केली की तीही परत चालू.

आमच्याकडे मे महिन्यात इंजिन बंद म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर बंद, नुसता पंखा फिरतो. थोड्या वेळात जाळीतून ओल्या फडक्याच्या वासाची दमट हवा यायला लागते. पावसात काच आतून धुरकटते ती वेगळी.

परवा दाभोळच्या फेरीबोटीला बटण दाबायचं राहिलं. जेट्टीच्या उतारावर हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये उभा, इंजिन गप्प. बोटीवरचा माणूस हात हलवतोय, "चला, चला", आणि मी गाडी बंद पडली समजून किल्लीशी खटपट करतोय. मागच्या टेम्पोवाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ही सोय सिग्नलवाल्या शहरांसाठी आहे. आमच्या रस्त्यात म्हशी असतात.

माणगावला अडकलेला :
म्हशींचं मान्य. पण चतुर्थीच्या आदल्या रात्री मुंबईहून निघून बघा. इंदापूर ते माणगाव अडीच तास लागले आम्हाला, त्यात किमान तासभर गाडी जागची हललेली नाही. पाऊस पडून गार झालं होतं, एसी जेमतेम. इंजिन बंद राहिलं, पोरं मागे झोपली, पुढच्या ट्रकचा धूर सोडला तर शांतता. छोटी पेट्रोल गाडी एसी लावून नुसती उभी असली तरी तासाला पाऊण लिटरच्या आसपास पिते. ते वाचलं की नाही?

आणि एसीचं म्हणाल तर आत फार गरम झालं की सिस्टीम स्वतःच इंजिन चालू करते. तेवढी अक्कल तिला दिलेली आहे.

किनारपट्टी :
करते ना. पण तोवर मी घामाने भिजलेलो असतो. आणि वर्षातून एक चतुर्थी, बाकी ३६४ दिवसांचं काय?

हिशेबी :
मग ३६५ दिवसांचा करू. रोज फक्त २ मिनिटं गाडी उभी धरा. वर्षाचे साधारण १२ तास, पाऊण लिटरने ९ लिटर, म्हणजे ९५० रुपये. चार वर्षांत ३,८००. याच्यासाठी लागणारी बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा महाग असते, माझ्या वेळी फरक ३,००० चा होता. हातात उरले ८००. मोठ्या पापलेटाच्या जोडीला पुरतील, बाजार कसा आहे त्यावर.

रोज १० मिनिटं उभे राहणाऱ्या पुणेकराचं हेच गणित पाचपट होतं. म्हणून मी कुणालाच चूक म्हणत नाही, पण 'पेट्रोल वाचतं' हे खेडच्या माणसाला सांगताना जरा हळू सांगावं.

बटण दर वेळी का दाबावं लागतं त्याचं कारण पण ऐका. कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या मिळून कार्बन डायऑक्साइडवर सरकारी मर्यादा आहे, २०२२-२३ पासून सरासरी किलोमीटरला साधारण ११३ ग्रॅम. मायलेजच्या चाचणीत गाडी मध्ये मध्ये बराच वेळ उभी असते. तिथे इंजिन बंद राहिलं की आकडा खाली येतो, म्हणून सिस्टीम मुळातच चालू ठेवलेली. कंपनीला तो आकडा हवाय, तुमच्या घामाशी तिचं देणंघेणं नाही.

मालवणी गजाल :
माझी गाडी जुनी, तिका ह्या बटण नाय. घाटात गाडयो अडाकल्यो काय मी किल्ली फिरवन बंद करतंय. ताच काम तुमची गाडी आपसून करता, त्येच्यासाठी एवढा भांडान?

गॅरेजातला :
दादा, उतारावर किल्ली पूर्ण फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. सिस्टीमने इंजिन बंद केलं तर इग्निशन चालू राहतं, फरक तिथे आहे.

आता बाकीच्यांसाठी. इंजिन झिजतं ही भीती सोडा. गार इंजिनला ही सिस्टीम हातच लावत नाही, आणि या गाड्यांचा स्टार्टर जास्त वेळा चालू होण्यासाठीच बनवलेला असतो. दुखणं बॅटरीचं आहे. आमच्याकडे गाडी घरून बाजारात, बाजारातून घरी, दोन किलोमीटर. बॅटरी पूर्ण भरतच नाही. त्यात खारा वारा, टर्मिनलवर हिरवी-पांढरी पूड जमते. बॅटरी थकायला लागली की सगळ्यात आधी स्टॉप-स्टार्ट काम करेनासं होतं. लोक "सिस्टीम बिघडली" म्हणून येतात. ती बिघडलेली नसते, ती कुरकुरत असते.

जो बटण सदा बंद ठेवतो त्याला ही कुरकुर ऐकूच येत नाही. एक दिवस सकाळी थेट 'टक्' आणि गाडी गप्प.

आणखी एक. या गाड्यांना ईएफबी नाहीतर एजीएम, म्हणजे सारखं चालू-बंद सोसणारी बॅटरी लागते, वर सहसा तसं लिहिलेलं असतं. काही जण पैसे वाचवायला साधी टाकून देतात. तीही काही महिने निभावते, मग अचानक बसते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्परची वायर लावायची वेळ आली तर काळी वायर आपल्या बॅटरीच्या टोकाला लावू नका, तिथे सेन्सर असतो. बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा. किनारपट्टी, तुमची बॅटरी मूळचीच आहे का?

किनारपट्टी :
गेल्या दिवाळीआधी बदलली. तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "तीच टाकलीय."

माणगावला अडकलेला :
बोनेट उघडा.

किनारपट्टी :
उघडलं. फडक्याने पुसून दोनदा वाचलं. नंबर आहे, वॉरंटीचा स्टिकर आहे. ईएफबी कुठेही नाही, एजीएमही नाही. पैसे मात्र त्या महागड्या बॅटरीचे घेतले होते एवढं आठवतंय. बिल शोधतोय, बायको म्हणते ते लायटीच्या बिलांच्या पिशवीत असेल.