भाचा रॅप लिहितो, अर्धं मराठी अर्धं कोंकणी. कुठे पाठवू?

सत्तरीची_मावशी:
भाचा सोळा वर्षांचा, गोव्यातल्या वाळपईजवळचा. २०१८ला खाणी बंद झाल्या, खाणीचा माल वाहणारा ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. पोर कुणाशी बोलत नाही, पण ट्रकच्या जुन्या चलनांच्या (मालाच्या पावत्यांच्या) पाठीवर रॅप लिहितं. शाळेत कुणीतरी सुनावलं, "आधी एक भाषा धड लिही." तेव्हापासून कागद लपवतो. कुणाकडे शिकायला घालू? आणि कुठल्या भाषेत?

घुमटवाला:
ताई, भाषा निवडायला लावूच नका. कवी बाकीबाब बोरकरांनी दोन्हींत लिहिलं. आणि गुरूच्या आधी ठेका द्या. चवथीला घुमट (मडक्यासारखं मातीचं वाद्य) आरतीत शामेळाशेजारी (काठ्यांनी वाजवायच्या तालवाद्याशेजारी) बसवा त्याला. आमच्याकडे असाच एक अबोल पोर आठवडाभर नुसती मांडी बडवत होता. घुमटाच्या मागच्या तोंडावर डावा तळवा दाबून सोडला की जो घुम्म निघतो ना, तो हाती लागल्यावर एका रात्री गायलाच लागला. (घुमट बकऱ्याच्या कातड्याचंच घ्या, घोरपडीचं नको, बंदी आहे.)

पेडण्याचा_भाऊ:
अमेरिकेची थेरं. भजनाला पाठवा की.

डिचोलीकरीण:
भाऊ, रॅपही गरिबाघरचंच आहे हो. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स. बहिणीला शाळेच्या कपड्यांना पैसे हवे होते म्हणून पार्टी ठेवली आणि भावाने, डीजे कूल हर्कने, रेकॉर्डी वाजवल्या; तिथून हे सुरू झालं. माझी आजी जात्यावर सासूचं नाव घेऊन ओव्या रचायची, तेही हेच. थेरपी हा शब्द तिने ऐकला नव्हता इतकंच.

मावशी, पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८६चा प्रयोग आहे: सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातलं जडबिड लिहायचं, शुद्धलेखन न बघता. लिहिल्यावर लगेच मन आणखी खाली जातं, त्याने घाबरू नका. पुढच्या महिन्यांत प्रयोगातल्या कॉलेजच्या मुलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. पण कागद तुम्ही वाचू नका आणि इन्स्टावर टाकायची घाई त्याला करू देऊ नका, कॉमेंट्स फार लागतात. जेवण-झोप सुटली असेल किंवा जिवाचं काही बोलत असेल, तर मात्र रॅपवर सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, लगेच लावा.

सत्तरीची_मावशी:
जेवतो नीट. काल काही न बोलता कोऱ्या चलनबुकांचा गठ्ठा ट्रकच्या केबिनमध्ये ठेवून आले, तिथेच बसतो तो. वाचणार नाही, कबूल. पण सकाळी पानं मोजली, तीन कमी आहेत.

घुमटवाला:
मोजूही नका! गाव सांगा, साखळी गावाच्या बाजूला असेल तर घुमट घेऊन मीच येतो.