उत्तर: आजोबांची जुनी रायफल
आजोबांच्या लायसनवरची थ्री-नॉट-थ्री म्हणताय, पण फोटोत मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा दिसतोय, म्हणजे ही बहुतेक ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने पोलिसांसाठी .410 मस्केट (आतून गुळगुळीत नळीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी बंदूक) केलेली ली-एनफिल्ड, म्हणजे मूळची थ्री-नॉट-थ्रीच, असणार. रिकामी आहे ना ते बघून बोल्ट (मागचा सरकता भाग) काढा नि नळीतून उजेडाकडे बघा, आत पिळाचे चर (आटे) नसले तर तीच, आणि तिच्यात बाजारातलं साधं .410 काडतूस घालायच्या फंदात पडू नका, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) वेगळा असतो. बोल्टच्या दांड्यावरचा नंबर बॉडीशी जुळतोय का? पॉलिश पेपर अजिबात मारू नका हो, शिक्के गेले की गेलं सगळं!! आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत खरा गंज लाकडाखाली नळीला लागतो, वरून चकाचक दिसते. ते लाकूड उतरवायचं काम लायसनवाल्या गनस्मिथकडेच द्या. दस्त्याला जवसाचं तेल, खोबरेल नको.