ट्रॅकरचं रिन्यूअल दुप्पट झालंय, कुणाला काही माहिती आहे काय?

ए-१०४ दादा:
नमस्कार सगळ्यांना. जरा अर्जंट विचारायचं होतं. माझ्या तिन्ही खव्याच्या टेम्पोंना जीपीएस ट्रॅकर बसवलेत, वर्षाला गाडीमागं दीड हजार घेत होते, यंदा एकदम तीन हजार सांगायल्यात. का ओ म्हणून विचारलं तर गूगलनं नकाशाचा रेट वाढवलाय, आमच्या हातात काय नाही म्हणाले. सोमवारपर्यंत भरलं नाही तर बंद. कणकुंबीकडनं गाडी पहाटे निघते, धुकं असतंय, ती फोनवर दिसल्याशिवाय मला घोट चहा जात नाही. खरंच वाढलाय काय रेट?

सी-१०१ काकू:
माझं पण असंच झालंय. शेत मोजायचं अ‍ॅप होतं, नुसतं बांधावरनं फिरून आलं की गुंठे सांगायचं, आता नकाशा सेव्ह करायला वर्षाचे पैसे भरा म्हणतंय.

ए-३०३:
आमच्या ऑफिसात तर विचारूच नका. आधी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एकदा घेतलं की घेतलं असं होतं. २०१६ पासून ऑटोकॅडची कायमची लायसन्स विकायचीच बंद झाली, आता दरवर्षी भाडं.

बी-२०१ ताई:
दादा, भरायच्या आधी थांबा. मी नकाशाच्याच कामावर असते म्हणून नीट लिहिते, लांब होईल, पण वाचा.

जुलै २०१८ च्या आधी कुठल्याही वेबसाईटवर गूगलचा नकाशा दिवसाला २५ हजार वेळा उघडला तरी फुकट होता, म्हणजे महिन्याला साडेसात लाख वेळा. १६ जुलै २०१८ पासून ते गेलं आणि महिन्याला २०० डॉलरची सूट, पुढं हजार वेळेला ७ डॉलर असा मीटर लागला, हिशोब केलात तर फुकटातले महिन्याला साधारण २८ हजारच उरले. तेव्हा लहान लहान कंपन्यांचे खरंच हाल झाले, मी बघितलेत, रातोरात नकाशे बदलायला लागले लोकांना. पण ते २०१८ चं. जुलै २०२४ मध्ये ओलानं गूगलचे नकाशे सोडले आणि स्वतःचे लावले, आणि त्याच महिन्यात गूगलनं जाहीर केलं की १ ऑगस्ट २०२४ पासून भारतात दर ७० टक्क्यांपर्यंत कमी, बिल पण रुपयांत. पुढं १ मार्च २०२५ ला ती २०० डॉलरची सूट काढून प्रत्येक सेवेला वेगवेगळी फुकट मर्यादा दिली. तेव्हा 'गूगलनं वाढवला' हे कारण आज जसंच्या तसं मला पटत नाही.

ए-१०४ दादा:
म्हणजे फसवायल्यात काय?

बी-२०१ ताई:
फसवायल्यात असं मी म्हणणार नाही, त्यांचा पण खर्च असतो. तो कशाकशाचा असतो ते सांगते. एक, ट्रॅकरमधलं सिम. दोन, सर्व्हर. तीन, माणूस, म्हणजे डिव्हाइस बंद पडलं की येऊन बघणारा. आणि चौथा नकाशा. त्यातही मोबाईल अ‍ॅपमध्ये साधा नकाशा दाखवायला गूगल पैसेच घेत नाही. वेबवर दाखवला, रस्ता आखून मागितला, किंवा अक्षांश-रेखांश देऊन 'हे कुठलं गाव' असं विचारलं की मीटर पडतो. हा शेवटचा प्रकार महाग जातो. समजा गाडी दर १० सेकंदाला आपली जागा कळवते, तासाला ३६० वेळा, १० तासांत ३,६०० वेळा. प्रत्येक वेळी गावाचं नाव विचारत बसलं तर हजाराला ५ डॉलर या मूळ दरानं एका गाडीचे दिवसाला १८ डॉलर झाले. शहाणा माणूस असं करत नाही, गाडी थांबली की एकदाच विचारतो. म्हणून त्यांना एवढंच विचारा की सिमचे किती, सर्व्हरचे किती, नकाशाचे किती, लिहून द्या. बघा काय म्हणतात.

बी-३०२ काका:
ताईंनी छान सांगितलं. मी जमीन मोजणीत आयुष्य काढलं, तर माझं एक ऐका. जीपीएसला पैसे पडतात हा सगळ्यांचा समज आहे, तो काढून टाका. वरनं उपग्रहाचा जो सिग्नल येतो तो फुकट आहे, फोनमध्ये सिम नसलं तरी येतो. अगोदर अमेरिका त्यात मुद्दाम चूक घालायची, शंभर मीटरपर्यंत इकडं तिकडं दाखवायचं, २ मे २००० ला ती चूक काढली आणि तेव्हापासून ते सामान्य माणसाच्या कामाचं झालं. आपण पैसे मोजतो ते त्या ठिपक्याखालच्या कागदाचे, म्हणजे नकाशाचे. आणि नकाशा फुकट पण मिळतो, मिळवायचा कुठनं एवढं ठाऊक पाहिजे.

सी-२०२ (इंजिनिअरिंगवाला):
काका तेच सांगणार होतो. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून आहे, २००४ पासून, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा, विकिपीडियासारखा. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड, यांपैकी एक अ‍ॅप फोनमध्ये टाका, आख्खा भाग एकदा वायफायवर उतरवून घ्या, मग चोर्ला घाटात रेंज नसली तरी रस्ता दाखवतंय. ओस्मअँड प्ले स्टोअरवरनं घेतलं तर फुकटात सातच नकाशे उतरवता येतात, तेच एफ-ड्रॉइडवरनं, म्हणजे फुकट अ‍ॅपच्या दुसऱ्या स्टोअरवरनं, घेतलं तर मर्यादा नाही. आपल्याला तसंही कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा एवढंच लागतंय.

सी-३०१ वहिनी:
उद्या पाणी सोडणार आहेत काय? टाकी अर्धीच आहे.

सेक्रेटरी:
होय वहिनी, सकाळी सोडणार. चालू दे चर्चा, मलापण हवी आहे.

ए-३०३:
मी एक सांगू काय, रागावू नका. बरेच जण क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, वापरतात. आमच्याकडे पण होतं. एकानं पेनड्राइव्हवरनं आणून दिलं, चार महिने बरं चाललं आणि एक दिवस सगळ्या फाइली लॉक, पैसे द्या म्हणून स्क्रीनवर. तीन लेआउटचं काम गेलं. एका पार्टीला मी स्वतः जाऊन हात जोडले. त्यानंतर नकाशाचं सगळं काम क्यूजीआयएस नावाच्या सॉफ्टवेअरवर आणलं, फुकट आहे, चोरीचं नाही. तलाठ्याकडच्या गावनकाशाचा स्कॅन त्यात चार कोपरे धरून बसवता येतो, शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या रेघांची फाइल, उघडते, प्रिंट चांगली निघते. ज्यांच्याकडे अजून आर्कमॅप हे नकाशाचं जुनं विकतचं सॉफ्टवेअर आहे त्यांनी तर बदलायलाच पाहिजे, त्याच्या सपोर्टची मुदत १ मार्च २०२६ एवढीच. पहिला महिना जीव जातो, सगळी बटणं दुसरीकडं. मग हात बसतो.

सी-१०१ काकू:
मला एवढं मोठं नको ओ, माझं शेत किती ते कळलं म्हणजे झालं. अर्धं इकडं उचगावला, अर्धं माहेरकडचं शिनोळीच्या पलीकडं चंदगड तालुक्यात.

बी-३०२ काका:
काकू, तुमचं दोन राज्यांतलं म्हणजे दोन ठिकाणी बघायला लागणार. उचगावचं दिशांक अ‍ॅपवर बघा, कर्नाटक सरकारचं आहे, फुकट आहे, शेतात उभं राहिलं की सर्वे नंबर दाखवतं. पण शिनोळीची हद्द ओलांडली की ते मुकं होतं. तिकडचं महाराष्ट्र सरकारच्या महाभूनकाशा वेबसाईटवर गट नंबर टाकून बघायचं आणि सातबारा महाभूलेख वेबसाईटवर. तिकडं हेक्टर-आर, इकडं एकर-गुंठे. घाबरू नका, एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, आणि एक आर म्हणजे १,०७६ च्या आसपास, जवळजवळ सारखंच. नुसता अंदाज घ्यायचा असेल तर गूगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर घ्या आणि बांधावरनं रेघ फिरवा. त्याला आधी वर्षाला ३९९ डॉलर पडायचे, जानेवारी २०१५ पासून फुकट केलंय.

आणि आता जे सांगतो ते काकूंनाच नाही, सगळ्यांनाच. फोनवरच्या मोजणीवरनं भावाभावात भांडू नका. मी अशी घरं बघितली आहेत. मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन सुद्धा पाच मीटर चुकतो, पाच मीटर म्हणजे सोळा फूट, म्हणजे गुंठ्याची अर्धी बाजू. झाडाखाली त्याहून जास्त. पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप असलं तरी तेवढंच चुकणार, कारण फोन तोच. 'अ‍ॅपवर तुझा बांध माझ्यात आलाय' म्हणून दगड हलवायला गेलेले लोक मी कोर्टात वीस वर्षं फिरताना बघितलेत. बांधाचा वाद असेल तर दोन्हीकडं सरकारी मोजणीचा अर्ज करा, फी भरा, ते पैसे वाया जात नाहीत.

सी-१०१ काकू:
बरं झालं सांगितलंत काका. धाकट्या दिरांना हाच मेसेज पाठवते.

ए-१०४ दादा:
माझ्या टेम्पोचं राहिलं की. मी विचारलं त्यांना ताई, लिहून द्या म्हणून. आधी चिडले, मग म्हणाले दोन हजारात करतो.

बी-२०१ ताई:
बघा, एका प्रश्नात हजार रुपये खाली आले. आता दुसरा उपाय. ट्रॅकार म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एका सर्व्हरवर टाकायचं, आणि ट्रॅकरला एसएमएस पाठवून सांगायचं की इथून पुढं ह्या पत्त्यावर कळव. त्या पत्त्याला पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, पण लागतो, तुमचं जीटी०६ जातीचं डिव्हाइस असेल तर तो ५०२३. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. पण मी खरं तेच सांगणार, तीन गाड्यांसाठी एकट्यानं हे करून फार काही वाचत नाही. सर्व्हरला महिन्याला चार-पाचशे जातात, घरातला कॉम्प्युटर लावावा तर घरच्या इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरनं पोचता येईल असा पत्ता, नसतो, आणि ट्रॅकरमधलं सिम त्यांचं, ते काढून आपलं साधं सिम घातलं तर त्याच्या रिचार्जमध्येच सगळी बचत गेली.

म्हणून मी वेगळं सुचवते. ड्रायव्हरच्या फोनमध्ये नेट असतंच. त्यात ट्रॅकार क्लायंट अ‍ॅप टाकायचं, तोच फोन ट्रॅकर झाला. सर्व्हर माझ्याकडं एक आहे कामाचा, त्यात दहा-वीस गाड्या सहज बसतात, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, एकाची गाडी दुसऱ्याला दिसणार नाही. फक्त ड्रायव्हरला विचारून करा. गाडी लावून घरी गेला की त्यानं बंद करायचं, तो त्याचा वेळ आहे.

सी-३०१ वहिनी:
आमच्या ह्यांच्या शाळेच्या गाडीचं पण असं करता येईल काय ताई?

बी-२०१ ताई:
नाही वहिनी, त्याला अजिबात हात लावू नका. प्रवासी गाड्यांना एआयएस-१४० ह्या सरकारी मानकाचं मान्यताप्राप्त डिव्हाइस लागतं, पॅनिक बटणासकट. पोरांच्या सुरक्षेचं आहे ते. तिथं पैसे वाचवायचे नाहीत.

ए-१०४ दादा:
ड्रायव्हर तयार आहे. पण ताई तुमच्या त्या नकाशावर जांबोटीच्या आतल्या वाड्या दिसत नाहीत, नुसता हिरवा पट्टा. खवा तर तिथनंच उचलायचा असतो.

सी-२०२:
दादा त्या आपणच घालायच्या! कुणी परका येऊन आपल्या वाड्या काढून देणार नाही. तुमचा ड्रायव्हर ज्या रस्त्यानं जाईल त्याचा माग मला द्या, त्यावरनं मी रस्ता आखतो. फक्त गूगलवर बघून नावं उतरवायची नाहीत, ते लायसन्समध्ये चालत नाही, गावात विचारूनच घालायची.

बी-३०२ काका:
नावं कुठल्या भाषेत घालतोस बाळा? कन्नड का मराठी?

सी-२०२:
दोन्ही काका. कन्नड नावाचा रकाना वेगळा, मराठी नावाचा वेगळा, इंग्रजीचा वेगळा. एक घातलं म्हणून दुसरं पुसायचं नाही, पुसलं तर तो नियमभंग. ज्यानं अ‍ॅपमध्ये मराठी निवडलं त्याला मराठीत दिसतं. मी आमच्या वडगावच्या चार गल्ल्या अशा घातल्या, आजीला फोनवर दाखवल्या, तिनं स्वतः वाचल्या.

बी-३०२ काका:
हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडं जुन्या वाड्यांची, ओढ्यांची, पाणंदींची नावं वहीत लिहिलेली आहेत, नोकरीत असताना म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून लिहिली. आमच्या वेळी नकाशा काढायचा, बाहेर द्यायचा म्हणजे परवानग्याच परवानग्या, २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम सैल केले तोवर मी रिटायर. उद्या संध्याकाळी ये घरी. वही देतो म्हणणार नाही, बसून सांगतो, तू लिहून घे.

सी-२०२:
येतो काका. सहा वाजता.

सेक्रेटरी:
मी पण येणार.

(नऊ दिवसांनी)

ए-१०४ दादा:
सगळ्यांना सकाळचा नमस्कार. दोन टेम्पो दोन हजारात ठेवले, तिसरा ताईंच्या सर्व्हरवर घेतला. आज पहाटे पहिल्यांदा बघितलं. कणकुंबीच्या पुढं ठिपका थांबला, वीस मिनिटं हलेना, माझ्या पोटात गोळा. रेंज नव्हती. जांबोटीजवळ आला आणि मधले सगळे ठिपके एकदम आले, कुठं थांबला कुठं वळला सगळं. फोननं साठवून ठेवले होते म्हणे. आता किणयेच्या अलीकडं आहे.

सी-१०१ काकू:
दादा तो आतला वाडीचा रस्ता पण दिसायलाय काय त्यात?

ए-१०४ दादा:
दिसायलाय काकू. नावासकट. मराठीत.

बी-३०२ काका:
त्या वाडीच्या पुढं ओढ्यावर एक साकव आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जातो. तेवढं घाल रे त्यात, गाडीवाल्यांना कळायला पाहिजे.

सी-२०२:
आत्ता घालतो काका.