व्यवसाय कराची मर्यादा वाढवावी की हा करच रद्द करावा?

मूळ लेख

राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार कोणत्याही एका व्यक्तीकडून वर्षाला २५०० रुपयांपेक्षा जास्त व्यवसाय कर, म्हणजे नोकरी-धंद्यावरचा कर, घेता येत नाही. १९५० मध्ये ही मर्यादा २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती दहापट झाली आणि त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. परिणाम असा की महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांच्या वर पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याच्या पगारातून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, मग तो ११,००० मिळवणारा हेल्पर असो की पाच लाख मिळवणारा व्यवस्थापक. शंभर रुपयांमागे हेल्परचे सुमारे एक रुपया नव्वद पैसे जातात, व्यवस्थापकाचे जेमतेम चार पैसे.

महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलावा, हा त्यामागचा विचार होता. आज तो मजुराकडूनच सर्वांत जड हाताने वसूल होतो, याची मला मनापासून खंत वाटते. माझे मागणे दुहेरी आहे. महिलांना २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर मिळणारी सूट राज्याने सर्वांना द्यावी, त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. आणि वरच्या उत्पन्नगटांसाठी मर्यादा वाढवून टप्पे पाडावेत. पंधराव्या वित्त आयोगाने ही मर्यादा वर्षाला १८,००० रुपये करावी अशी शिफारस केलेलीच आहे.

प्रतिसाद १ : लघुउद्योजक

तुमच्या मागणीचा पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा अजिबात नाही. कराच्या रकमेपेक्षा त्याच्या सोपस्कारांनी आमच्यासारखे लोक मेटाकुटीला येतात. कामगारांच्या पगारातून कापलेला कर भरण्यासाठी नोंदणीचा एक क्रमांक आणि मालकाच्या स्वतःच्या करासाठी दुसरा. त्यापुढे चलन, विवरणपत्र, उशीर झाला तर व्याज आणि विलंब शुल्क. माझ्याकडे पंधरा माणसे आहेत. त्यांच्या पगारातून वर्षाला जास्तीत जास्त ३७,५०० रुपये जमा होतात, आणि तेवढ्यासाठी वस्तू व सेवा कर, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांच्या जोडीला आणखी एक खाते सांभाळावे लागते. कंपनी असेल तर ती स्वतः कर भरते आणि तिचे संचालकही वेगळा भरतात. वर्ष तोट्यात गेले म्हणून त्यात सवलत नसते. उत्तर प्रदेश, राजस्थान, हरियाणा आणि दिल्ली या कराविना कारभार चालवतात. मग तो महाराष्ट्रालाच का हवा?

प्रतिसाद २ : मूळ लेखक

त्याचे कारण असे की राज्याच्या हातात आता फार थोडे उरले आहे. १ जुलै २०१७ नंतर विक्रीकर आणि प्रवेशकर वस्तू व सेवा करात विलीन झाले, आणि दर ठरवण्याचा अधिकार केंद्र व राज्यांच्या वस्तू व सेवा कर परिषदेकडे गेला, जिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश असून निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राने नकार दिला तर सगळी राज्ये एकत्र येऊनही ठराव संमत होत नाही. महसुलात वर्षाला चौदा टक्के वाढ गृहीत धरून राज्यांना केंद्राकडून मिळणारी भरपाई जून २०२२ मध्ये संपली. राज्याला स्वतःच्या निर्णयाने हलवता येतील असे कर म्हणजे मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरील मूल्यवर्धित कर, मद्यावरील उत्पादन शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि हा व्यवसाय कर. यातला एक सोडून द्यायचा, तर त्याची भरपाई पेट्रोलवर होणार की मद्यावर, हेही सांगायला हवे. पेट्रोलवर झाली तर तुमचा टेम्पो आणि तुमच्या कामगाराची दुचाकी दोन्ही ती भरतील.

सोपस्कारांबद्दलची तुमची तक्रार मात्र रास्त आहे. एकच नोंदणी आणि वर्षातून एकच विवरणपत्र एवढे तरी लहान मालकाला मिळालेच पाहिजे.

प्रतिसाद ३ : करसल्लागार

टप्पे पाडण्याच्या प्रस्तावात एक अडचण आहे, तिच्याकडे दोघांचेही लक्ष गेलेले नाही. पगारदाराचे उत्पन्न मालकाच्या नोंदीत दिसते, म्हणून तिथे टप्पे लावणे सोपे आहे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याचे तसे नसते. आज मोठा दवाखाना चालवणारा डॉक्टर आणि दोन वर्षांपूर्वी सनद मिळालेला वकील बहुतेक वेळा सारखेच २५०० भरतात. मर्यादा १८,००० झाली आणि व्यावसायिकांचे उत्पन्न तपासण्याची व्यवस्था उभी राहिली नाही, तर सगळा वाढीव भार पगारदारांवरच पडेल. शिवाय जुन्या प्राप्तिकर रचनेत पगारदाराला या कराची वजावट मिळते, नव्या रचनेत ती मिळत नाही. तेव्हा आजच हा कर त्याला पूर्वीपेक्षा जड जातो. या कारणांसाठी माझा मर्यादावाढीला विरोध आहे.

प्रतिसाद ४ : निवृत्त पालिका कर्मचारी

अनुच्छेद २७६ मध्ये हा कर राज्याप्रमाणेच नगरपालिका आणि इतर स्थानिक संस्थांसाठीही असू शकतो, असे म्हटले आहे. तामिळनाडू आणि केरळमध्ये तो स्थानिक संस्थाच वसूल करतात. आपल्याकडे जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, आणि महापालिका राज्याच्या अनुदानाची वाट पाहत बसू लागल्या. अनुदानाचा हप्ता लांबला की आधी कंत्राटदारांची बिले थांबतात, मग रस्त्यांची कामे. वाढीव व्यवसाय कर महापालिकांना मिळणार असेल तर मी मर्यादावाढीच्या बाजूने आहे. तो राज्याच्या तिजोरीत जाऊन महसुली तूट बुजवण्यात संपणार असेल, तर नाही.

प्रतिसाद ५ : लघुउद्योजक

हा मुद्दा मला पटतो. औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यांची आणि गटारांची अवस्था रोज पाहणाऱ्याला पैसे द्यायला हरकत नसते, ते कुठे गेले हे कळत नाही याची हरकत असते. तरीही माझी अट कायम आहे. आधी २५,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला सरसकट सूट आणि एकत्रित नोंदणी अमलात आणावी, करसल्लागारांनी दाखवलेली उत्पन्न तपासणीची त्रुटी दूर करावी आणि मगच १८,००० चा विषय काढावा. क्रम उलटा झाला, तर वाढ लगेच लागू होईल आणि सूट पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलली जाईल.