दहा वर्षांच्या पोट्ट्यांना ४-३-३ कशाला?

विदर्भ_विंगर
थंडीत सकाळी नागपुरातल्या कुठल्याही ग्राउंडवर चक्कर मारा. दहा-अकरा वर्षांची पोरं, अंगात बिब, मैदानभर लाल-पिवळे कोन आणि समोर संघच नाही. शिट्टी वाजली की लेफ्ट बॅकचा मिडफिल्डरला पास, त्याचा विंगला, विंगचा क्रॉस, मग सगळे चालत आपापल्या कोनापाशी परत. परवा एक पोरगा पास देऊन पुढे पळाला, तर सर ओरडले, "तुझा कोन सोडून कुठं चालला बे?" पास दिला की पळायचं, ही तर सगळ्यात कामाची सवय. तीच मोडून काढताहेत!

बारा वर्षांखाली फॉर्मेशनची ड्रिल (४-३-३ म्हणजे गोली सोडून चार बॅक मागे, तीन मिडफिल्डर मध्ये, तीन फॉरवर्ड पुढे) नकोच, असं माझं मत. हिशेब करा. अकरा-अकराच्या तासाभराच्या खेळात चेंडू एक, पोरं बावीस. एकेकाच्या वाट्याला पावणेतीन मिनिटंही येत नाहीत. चार-चार खेळवले तर साडेसात. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान वयोगटांत छोटे संघ सक्तीचे केले. आणि जर्मनी कशाला, विजय बारसे सरांनी २००१ मध्ये याच शहरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्यातून पोरं बेघरांच्या जागतिक स्पर्धेपर्यंत, होमलेस वर्ल्ड कपपर्यंत पोचली. तिथे मैदानावर एका बाजूला चारच खेळाडू असतात, कोन एकही नसतो.

शिट्टीवाला_कोच
भाऊ, बाहेर उभं राहून बोलणं सोपं आहे. चाळीस पोरं, अर्धं ग्राउंड (उरलेल्या अर्ध्यात क्रिकेट) आणि कोच मी एकटा. मोकळं सोडलं की सगळी चेंडूला मुंगळ्यांसारखी चिकटतात. त्यात जो अंगाने दांडगा, तो चेंडू घेऊन सुटतो आणि बुजरं पोरगं तासभर नुसतं मागे मागे पळतं. तुमची साडेसात मिनिटं कागदावरची. प्रत्यक्षात दांडग्याला वीस आणि बुजऱ्याला एक. जागा ठरवून दिली की त्या बुजऱ्याकडेही चेंडू जातो, जावाच लागतो.

शिवाय शाळांच्या सुब्रतो कपच्या पंधरा वर्षांखालच्या गटात अकरा-अकराच खेळावं लागतं. ऑफसाइडची लाइन (समोरचा आपल्या बॅकच्या पुढे सापडावा म्हणून सगळ्या बॅकनी एका रेषेत राहणं) कधी धरायची हे त्या वयात पहिल्यांदा शिकवायचं का?

पालक_प्रतापनगर
माझा मुलगा अख्खा सीझन राइट बॅक. का, तर पहिल्या दिवशी रांगेत उंच दिसला. आता घराच्या गच्चीवर खेळतानाही मधल्या टाकीच्या पुढे जात नाही, म्हणे सर रागावतात. फी आम्ही फुटबॉलची भरतो, चौकीदारीची नाही.

कामठीचा_जुना
पोट्टेहो, १९६२ चं जकार्ता एशियाड आठवा. आपला जर्नेल सिंग पक्का बॅक. थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, टाके पडले. कोच रहीम साहेबांनी त्याला काय बेंचवर बसवलं? सेमीफायनलला सरळ फॉरवर्डला टाकलं! तिथे गोल, फायनलला कोरियाविरुद्ध पुन्हा गोल, सुवर्णपदक. काहून जमलं? कारण तो आधी फुटबॉलर होता, बॅक नंतर. आमच्या कामठीतही गल्लीत खेळताना कोणी पोझिशन विचारत नव्हतं. ज्याच्या घराचा काच फुटेल तो गोली, एवढाच नियम.

शिट्टीवाला_कोच
काका, तुमच्या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम होते. बॅकला पुढे पाठवता आलं, कारण बाकीच्या दहा जणांना त्याची रिकामी जागा कोण भरणार हे पाठ होतं.

विदर्भ_विंगर
ती मोठी माणसं होती, सर. आपण बोलतोय साडेचार फुटी पोरांबद्दल. त्यातलं एक आठ फूट उंच आणि चोवीस फूट रुंद गोलपोस्टखाली उभं करतो आणि वरून चेंडू गेला की त्यालाच बोलतो. बुजऱ्या पोराचा मुद्दा मात्र खरा आहे. पण समोर अडवायला कोणी नसताना पास मिळाला, तर त्याची भीड कशी चेपणार? दांडगी पोरं एका चौकटीत, बुजरी दुसऱ्या चौकटीत खेळवा. चाळीस पोरांचे पाच गट आरामात होतात, अर्ध्या ग्राउंडवरही.

शिट्टीवाला_कोच
पाच चौकटी म्हणजे पाच चेंडू. ते कोण देणार? गट पाडणं मान्य, पण आकार सोडणार नाही. माझ्याकडे सात-सातमध्ये २-३-१ असतं. चुन्याने मैदान उभं तीन पट्ट्यांत वाटतो आणि नियम एकच: आपल्या संघाचे तिघांपेक्षा जास्त एका पट्टीत नकोत. चौथा घुसला की चेंडू समोरच्यांना. तिसऱ्या दिवसापासून पोरं एकमेकांवर ओरडतात, "अबे, बाहेर निघ ना!" मला शिट्टी मारावी लागत नाही.

पालक_प्रतापनगर
हे बरं वाटलं. पण त्या २-३-१ मध्ये मागचे दोन कायम तेच का?

शिट्टीवाला_कोच
सरावात बदलतो. स्पर्धा आली की नाही बदलत. शाळेला कप हवा असतो आणि हरल्यावर फोन पालकांचेच येतात.

पालक_प्रतापनगर
माझा एकही आला नाही.

विदर्भ_विंगर
मग स्पर्धेतही बदला, सर. निदान हाफटाइमनंतर. दहा वर्षांखालचा कप शाळेच्या कपाटात धूळ खातो, राइट बॅकचा शिक्का मात्र पोरावर बसतो.

कामठीचा_जुना
आणि चेंडूंचं म्हणाल, तर चाळीस घरून वर्गणी काढा. पाच चेंडू होऊन वर चुन्याचे पैसे उरतील.