शब्दचर्चा: सार्वमत, जनमत, कौल... ब्रेक्झिटला नेमकं काय म्हणायचं?

अभ्यासिका, दारव्हा

आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांसाठी ब्रेक्झिटवर दोन पानांचं टिपण करतोय आणि पहिल्याच वाक्याला अडलोय. 23 जून 2016 ला ब्रिटनमध्ये युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर जे मतदान झालं त्याला मुलांच्या वह्या-पुस्तकांत चार नावं सापडली: सार्वमत, जनमत, जनमत चाचणी, जनमत कौल. एका मुलीचा प्रश्न असा, की 51.9 टक्के एकीकडे आणि 48.1 टक्के दुसरीकडे, तर ते ‘सार्व’ कसं काय?

दुसरं असं, की निकालानंतर तिकडचे पुढारी आणि पेपर ‘जनतेची इच्छा’ हे पालुपद वर्षानुवर्षं वाजवत राहिले. त्याला मराठीत जनादेश म्हणावं, लोकेच्छा म्हणावं की कौल? जाणकारांनी सांगावं.

कोशप्रेमी, अमरावती

पोरीने प्रश्न चांगला विचारला, पण ‘सार्व’ शब्दावर आळ नको. सार्वजनिक विहीर म्हणजे सगळे एकाच वेळी पाणी भरतात अशी विहीर नव्हे, सगळ्यांना मोकळी असलेली. सार्वत्रिक निवडणुकीत सगळे एकालाच निवडत नाहीत. तसंच सार्वमत म्हणजे सगळ्यांना विचारलेलं मत. सगळ्यांचं एकच झालेलं मत असेल तर ते एकमत किंवा सर्वानुमत. शासकीय आणि राज्यशास्त्राच्या मराठीत सार्वमत याच अर्थाने रुळला आहे, टिपणात तोच वापरा.

जनमत हा शब्द मात्र ढगासारखा आहे. जनमत तयार होतं, बदलतं, विरोधात जातं, त्याची मोजणी होत नाही. जनमत चाचणी म्हणजे काही हजार लोकांना विचारून बांधलेला अंदाज. ब्रेक्झिटला जनमत चाचणी म्हणणं साफ चूक, कारण तिथे 4 कोटी 65 लाख नोंदलेल्या मतदारांपैकी 72.2 टक्के लोक प्रत्यक्ष केंद्रावर गेले किंवा टपालाने मत पाठवलं.

तळकोकणातून वर्ध्यात

जनमत कौल हा शब्द गोव्याचा. 16 जानेवारी 1967 ला गोवा, दमण, दीवमध्ये मतदान झालं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, विरोधाचं दोन पानं. दोन पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170. सरकारी इंग्रजी नाव ‘ओपिनियन पोल’ होतं, त्याचं मराठीत-कोंकणीत जनमत कौल झालं. आज ओपिनियन पोल म्हटलं की लोकांना टीव्हीवरचे अंदाज आठवतात, म्हणून सगळा घोळ.

पेपरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथे ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात, आणि दोन्ही मराठी दैनिकं. महाराष्ट्रात जाऊ नका हे गोव्याला पटवायचं कामही मराठीतच झालं. राष्ट्रमतमधलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यासाठी आजही आठवलं जातं. आणि गंमत पुढे आहे. ज्यांचा विलीनीकरणवादी पक्ष या मतदानात हरला ते भाऊसाहेब बांदोडकर लगेचच्या निवडणुकीत जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे लोकांनी एका प्रश्नावर ‘नाही’ म्हटलं म्हणून माणसालाही ‘नाही’ म्हटलं असं होत नाही. ब्रिटनमध्ये उलटं. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती, तरी दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला.

निवृत्त ग्रामसेवक, आर्णी

सर्वानुमत आणि बहुमत यातला फरक आम्ही नोकरीभर पुसून टाकला. ग्रामसभेत दोन आळ्यांत जुंपलेली असायची, कोणी खुर्ची उचलायचा, कोणी तणतणत निघून जायचा, आणि इतिवृत्तात एकच ओळ: ‘चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर’. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. विरोध कुणाचा, किती, का, हे कागदावर उतरतच नाही. वर्षभराने भांडण कोर्टात गेलं की वकील तोच कागद नाचवतो.

ब्रिटनमध्ये निकाल कागदावर चोख होता, 1 कोटी 74 लाख विरुद्ध 1 कोटी 61 लाख. नंतर बोलण्यात मात्र तो सर्वानुमते होऊन बसला. 48 टक्के गेले कुठे?

झाडीपट्टीवाला

सर, सार्वमत आमच्या गावात होऊन गेलं, पन त्याले कोनी सार्वमत मनत नाई. बाटलीचं मतदान मनतात. गावातल्या बायांनी दारूचं दुकान बंद करा मनून अर्ज देला, मंग अधिकारी आले, पेटी आली, कागदावर एक उभी बाटली अन् एक आडवी. दुकान पायजे तं उभीवर शिक्का, नोको तं आडवीवर. वाचता नाई येत थे बी बरोबर शिक्का मारून आली. सवाल असा पायजे.

अभ्यासिका, दारव्हा

भाऊ, हे टिपणात घेतोच. पण त्या मतदानाचा नियम नेमका काय? नुसतं जास्त मतं पडली की दुकान बंद?

निवृत्त ग्रामसेवक, आर्णी

नाही, तिथेच तर मेख आहे. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे आधी किमान 25 टक्के महिला मतदारांची किंवा एकूण मतदारांची मागणी लागते. मग गुप्त मतदान. आणि दुकान बंद व्हायचं तर *यादीतल्या* 50 टक्क्यांहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारलेला पाहिजे. आलेल्यांपैकी नाही, यादीतल्या. शेतात निंदणाला गेलेली, माहेरी गेलेली, आजारी पडलेली बाई आपोआप उभ्या बाटलीत मोजली जाते. कित्येक गावांत आलेल्या जवळपास सगळ्या बायांनी आडवीवर शिक्के मारले तरी आकडा भरला नाही म्हणून दुकान चालूच राहिलं.

आता हाच नियम ब्रिटनला लावून बघा. बाहेर पडा म्हणणारे एकूण नोंदलेल्या मतदारांच्या साधारण 37 टक्के. आमच्या नियमाने त्यांची बाटली आडवी झाली नसती.

मला स्वतःला हा नियम बायांवर अन्याय करणारा वाटतो, हेही लिहून ठेवतो. दारूचं दुकान बंद करायला यादीच्या निम्म्यावर मतं लागतात आणि एक अख्खा देश 43 वर्षांचा संसार मोडून बाहेर पडायला आलेल्यांतल्या निम्म्यांवर एक मत पुरतं. यातला कोणता नियम कुठे हवा होता, ते मुलांना भांडू द्या.

कोशप्रेमी, अमरावती

ग्रामसेवक साहेबांच्या मुद्द्याला जोड. ब्रिटनने असली अट पूर्वी एकदा घातली होती. मार्च 1979 मध्ये स्कॉटलंडला वेगळी विधानसभा द्यावी का यावर मतदान झालं. होकार 51.6 टक्के, म्हणजे ब्रेक्झिटच्या जवळपास तेवढाच. पण नोंदलेल्यांपैकी 40 टक्के होकार पाहिजे अशी अट होती आणि भरले 32.9. विधानसभा झाली नाही. त्या रागातून स्कॉटिश नॅशनल पक्षाने सरकारविरुद्ध मत दिलं आणि त्याच महिन्यात कॅलहॅन सरकार 311 विरुद्ध 310, एका मताने पडलं. पुढच्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर आल्या. अट घातली तरी पडझड, नाही घातली तरी पडझड.

2016 च्या मतदानासाठी केलेल्या 2015 च्या कायद्यात निकाल सरकारवर बंधनकारक असल्याचं कलम नव्हतं. अशा मतदानाला ‘सल्लादर्शक सार्वमत’ म्हणता येईल. पण सरकारने घरोघर वाटलेल्या पत्रकात ‘तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल’ असं छापलं होतं. कायद्यात सल्ला, पत्रकात शब्द दिलेला.

तळकोकणातून वर्ध्यात

‘शब्द दिला’ म्हणालात ते बरोबर कौलापाशी येतं. कौल मूळ अरबी, अर्थ बोललेला शब्द, वचन. मराठेशाहीत रयतेला लागवडीसाठी अभयपत्र देत ते कौलनामे. देवळात मूर्तीला पाकळ्या लावून कौल लावतात तो देवाचा शब्द. उजवा आला की उजवा, त्यावर अपील नाही. आमच्याकडे देवाने कौल दिल्यावर ‘पण 48 टक्के पाकळ्या डावीकडे होत्या’ असं कोणी म्हणत नाही.

झाडीपट्टीवाला

आमच्याइकडं घरावरच्या खापरालेबी कौल मनत नाई, कवेलू मनतात. कौल फक्त पेपरात येते, इलेक्शनच्या दुसऱ्या दिवशी.

अभ्यासिका, दारव्हा

कौल शब्दाची माझी अडचण आता नीट मांडता येते. मतमोजणीच्या आकड्याला ‘जनतेचा कौल’ म्हटलं की तो देवाच्या शब्दासारखा न बदलणारा होतो. 2016 नंतर तिकडे तेच घडलं असं मला वाटतं. 3 नोव्हेंबर 2016 ला लंडनच्या उच्च न्यायालयाने म्हटलं, की युरोपीय संघाला बाहेर पडण्याची नोटीस द्यायची तर सरकारने आधी संसदेची मंजुरी घ्यावी. म्हणजे संसदेला विचारा एवढंच. दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ने तिन्ही न्यायाधीशांचे फोटो पहिल्या पानावर छापून वर मथळा दिला, ‘जनतेचे शत्रू’. पुढे जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही 8 विरुद्ध 3 असा तोच निर्णय दिला.

या मथळ्यातला ‘जनता’ शब्द बघा. मराठीत लोक हा अनेकवचनी शब्द आहे: लोक म्हणाले, लोक भांडले, लोक दोन्हीकडे गेले. जनता एकवचनी: जनतेने ठरवलं, जनता माफ करणार नाही. मथळा लिहिणाऱ्याला जनता सोयीची, तिला तोंड एकच असतं. त्या मतदानात स्कॉटलंडचे 62 टक्के आणि उत्तर आयर्लंडचे जवळपास 56 टक्के लोक संघात राहू म्हणाले होते. ‘लोक’ लिहिलं तर त्यांना वाक्यात जागा राहते.

म्हणून ‘जनतेची इच्छा’ हे मी अवतरणात आणि ज्याने वापरलं त्याच्या नावासकट देणार आहे. जनादेश शब्द निवडणुकीसाठी ठेवावा, तिथे निदान जाहीरनामा असतो. या मतदानात बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कसं, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. कॅमेरूननंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’ म्हणत राहिल्या आणि जानेवारी 2019 मध्ये त्यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार संसदेने 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला. बाहेर पडू म्हणणाऱ्या खासदारांनीच त्यात मोठा हातभार लावला, कारण प्रत्येकाचं ब्रेक्झिट वेगळं.

सोयाबीन-कपाशी, पुसद

पेपरांवर सगळं ढकलू नका. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या बसवर काय लिहिलं होतं तेही सांगा मुलांना. ‘आपण युरोपीय संघाला आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो, ते आरोग्यसेवेला देऊ.’ हा आकडा ढोबळ होता, म्हणजे काहीच वजा न केलेला. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून आधीच वजा व्हायची, ती धरली तर आठवड्याचे साधारण 25 कोटी. शिवाय तिथून शेतीला, मागास भागांना परत येणारा पैसा वेगळा. सोयाबीनचा भाव गुणिले क्विंटल केलं आणि हमाली, तोलाई न कापता घरी सांगितलं, तसा हा हिशोब. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने दिशाभूल करणारा म्हणून हटकलं, तरी बस फिरत राहिली.

मला यात पेपर-टीव्हीचा दोष वेगळा दिसतो. आकडा खोडायला रोज तोच आकडा दाखवला, त्यामुळे लोकांच्या डोक्यात 35 कोटीच बसले. ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ हे दोन शब्द मुलांना पाठ करायला लावा, बाकी ब्रेक्झिट विसरले तरी चालेल.

धानोऱ्याजवळून

आमच्या शेजारच्या मेंढा-लेखा गावात निर्णय मताने घेत नाहीत, सर्वसहमतीने घेतात. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या सभेला. हे सर्वानुमत कागदावरचं नाही, खरोखर बसून केलेलं असतं. साडेसहा कोटींच्या देशाला ते जमणार नाही हे मान्य. पण टिपणात सार्वमत आणि सर्वसहमती शेजारी शेजारी ठेवा.

सोयाबीन-कपाशी, पुसद

आणि वेगळ्या विदर्भासाठी 2013-14 मध्ये जनमंच या संघटनेने अमरावती, नागपुरात मतदान घेतलं होतं, त्याला काय म्हणणार? लोक रांगा लावून गेले होते.

कोशप्रेमी, अमरावती

लोक गेले होते हे खरंच. पण ते अनौपचारिक होतं. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने नवीन राज्य करायचा अधिकार संसदेचा आहे, राज्याच्या विधिमंडळाचंही फक्त म्हणणं विचारतात. त्यामुळे ‘अनौपचारिक सार्वमत’ किंवा ‘प्रतीकात्मक मतदान’ म्हणा. वेगळ्या राज्याच्या बाजूचे पेपर असोत की विरोधातले, त्याला नुसतं ‘विदर्भाचा कौल’ म्हणू नये.

अभ्यासिका, दारव्हा

टिपणाची सुरुवात अशी केली आहे: ‘23 जून 2016 रोजी ब्रिटनमध्ये सल्लादर्शक सार्वमत झाले. मत देणाऱ्यांपैकी 51.9 टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन बाहेर पडले.’ खाली बाटलीची चौकट. आता उत्तर आयर्लंडच्या सीमेवर तपासणी नाके येऊ नयेत म्हणून मे यांच्या करारात घातलेल्या ‘बॅकस्टॉप’ला मराठी शब्द सुचवा, हमी-तरतूद कशी वाटते?

झाडीपट्टीवाला

बॅकस्टॉपच राहू द्या सर. परीक्षेत थेच येईल.