सान क्रिस्तोबाल (चियापास, मेक्सिको): आईसोबत डिसेंबरात ६ दिवस, थंडी, जेवण, हातमाग

जुनी_पेठ
डिसेंबरच्या शेवटी सान क्रिस्तोबाल दे लास कासासला जायचंय, मी आणि आई. आईचं वय ६७, गुडघे दुखतात, अंडंसुद्धा चालत नाही. अमेरिकेचा व्हिसा दोघींकडं आहे. मुख्य ओढ तिथल्या मूळ रहिवासी माया समाजातल्या बायकांच्या विणकामाची. थंडी किती? जेवायचं काय? खरा हातमाग ओळखायचा कसा? पालेंके या जुन्या माया शहराचे अवशेष एका दिवसात उरकून परत येता येईल का?

कडक_भाकरी
अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. उतरल्यावर पासपोर्टवर किती दिवस लिहिले ते तिथंच बघा. जास्तीत जास्त १८० मिळतात, पण आकडा अधिकाऱ्याच्या हातात.

विमान तुस्तला गुतिएरेसपर्यंत, पुढं गाडीनं साधारण दीड तास. शहर २२०० मीटरच्या आसपास आहे, आपलं सोलापूर साडेचारशेवर. घाट सलग चढतो, त्यामुळं उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या आणि आईंना पुढच्या सीटवर बसवा. पहिल्या दिवशी धाप लागते, म्हणून त्या दिवशी काही ठरवू नका. दुपारी ऊन छान असतं, रात्री पारा पाच-सहापर्यंत उतरतो. जुन्या वाड्यांतल्या लॉजमध्ये हीटर बहुधा नसतो, बुकिंगआधीच विचारा. सोलापुरी चादर न्या, पण एकीनं भागायचं नाही.

पालेंके एका दिवसात नकोच. ओकोसिंगोवरून दोनशेच्या वर किलोमीटर, सगळा वळणांचा रस्ता आणि जागोजागी गतिरोधक. त्यात गावकरी कधी रस्ता अडवतात, म्हणून बस बऱ्याचदा व्हियाएर्मोसाकडून लांबचा फेरा मारते. त्या गुडघ्यांना कशाला ती शिक्षा? त्यापेक्षा चियापा दे कोर्सोहून सुमिदेरो दरीतली होडी घ्या, दोनेक तास बसूनच जातात. खाली बऱ्यापैकी उकडतं, स्वेटर पिशवीत ठेवा.

शहरात रेआल दे ग्वादालूपे हा पायी रस्ता आणि पिवळं कॅथेड्रल सपाटीवर आहे. ग्वादालूपेचं चर्च मात्र टेकडीवर, पायऱ्या भरपूर. आईंना खालूनच दाखवा. पदपथ उंच आणि पावलांनी घासून गुळगुळीत झालेत, चप्पल नको, रबरी तळ्याचे बूट हवेत.

चुनखडी
जेवणात लोक एकाच ठिकाणी चुकायलेत. ‘सोय वेखेतारियाना’, म्हणजे मी शाकाहारी, एवढंच म्हटलं की समोरचा गोमांस वगळतो आणि कोंबडी वाढतो. म्हणून एकेक नाव घ्या: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन उएवो. म्हणजे मांस, कोंबडी, मासे, अंडं नको. खरी गोम पुढं आहे. घेवड्याची उसळ डुकराच्या चरबीत परततात, तिला मान्तेका म्हणतात. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. तामाल म्हणजे पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ, त्यातही चरबी असते, आत भाजी असली तरी. तेव्हा ‘सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’ प्रत्येक वेळी.

मक्याची तोर्तिया, म्हणजे तिथली पातळ भाकरी, निर्धास्त खा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात आणि तव्यावर कोरडी भाजतात, चरबी पडत नाही. गव्हाची टाळा. शेंगाचटणी सोबत असली की अर्धा प्रश्न मिटला. नळाचं पाणी दात घासायलाही नको.

धोटा
आता मागाचं. तिथला माग आपल्या खड्डामागासारखा नाही, त्याला चौकटच नसते. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक खांबाला किंवा झाडाला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. बाई मागं रेलली की ताणा घट्ट, पुढं झुकली की सैल. त्यामुळं पन्हा हाताच्या आवाक्याएवढाच. रुंद कपडा एकसंध असेल तर तो कमरेच्या मागावरचा नसणार. अंगरखा, म्हणजे उइपील, दोन-तीन पट्टे जोडून शिवतात. टोकं बघा: चारी बाजूंनी काठ बंद असेल तर कापड मागावरूनच तसं उतरलंय, कापलेलं नाही. नक्षी ज्यादा बाण्यानं, म्हणजे आडव्या धाग्यानं, भरतात, मागच्या बाजूनं दिसते. अॅक्रिलिक धागा दिसला म्हणून खोटं ठरवू नका, विणकरणी तोच वापरतात. सूत म्हणून विकत असतील तर धाग्याचा तुकडा मागून घ्या आणि बाहेर नेऊन जाळा: सुताची राख होते, अॅक्रिलिकची कडक गोळी. खरेदीआधी सान्तो दोमिंगो मठातलं माया वस्त्रांचं संग्रहालय बघा, मग बाहेरच्या बाजारात डोळा चालतो.

जवळच्या सिनाकान्तान गावात भरतकामाच्या शाली आहेत, आता बऱ्याच मशीनवर होतात. चामुला हे गाव सान क्रिस्तोबालहून दहाएक किलोमीटर, रविवारी बाजार. बायकांचे काळे केसाळ लोकरी घागरे हाताला घोंगडीसारखे लागतात. फक्त आपण घोंगडीला चिंचोक्याची खळ देतो, तिथं लोकर धुऊन-तुडवून घट्ट करतात. चामुलाचे लोक मेंढी खात नाहीत.

जुनी_पेठ
चामुलाच्या चर्चमध्ये फोटो काढू देतात का? लांबून, फ्लॅश न मारता?

धोटा
अजिबात नाही. फोन दाराबाहेरच खिशात टाका, हातात दिसला तरी लोक चिडतात. तिकीट चौकातच मिळतं. आत बाकं नाहीत. फरशीवर पाइनची सुईसारखी पानं पसरलेली आणि थेट फरशीला चिकटवलेल्या मेणबत्त्यांच्या रांगा. पानांवरून पाय घसरतो आणि ज्योती पायाशी असतात, म्हणून साडी नको, सलवार बरी. उपचाराच्या विधीत कधी कोंबडीचा बळी देतात, हे आईंना आधीच सांगून ठेवा. टेकायला आत जागा नाही, पाच-दहा मिनिटांत बाहेर आणा. बाहेर पडताना तिकीटवाल्याला ‘कोलावाल’ म्हणा, त्सोत्सिल या तिथल्या माया भाषेतलं धन्यवाद.